विवाह, दाखले, वारसा आणि पोटगी : बौद्ध कुटुंबांना उपयोगी पडणारी कायदेविषयक माहिती



विहारातील बैठकीत, युवक मेळाव्यात किंवा फोनवर आमच्याकडे जे प्रश्न येतात, त्यातले बहुतेक घरगुती असतात. लग्न झाले पण नोंदणी केली नाही, आता पासपोर्ट अडला. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिले आहे, जात पडताळणीला काय जोडायचे? वडील वारले, भावांनी सातबारावर आपलीच नावे लावली. जावई नांदवत नाही आणि पोटगीही देत नाही. या प्रश्नांना कायद्यात उत्तरे आहेत. ती वेळेवर माहीत नसल्याने आपली माणसे दलालांच्या हाती सापडतात, मुदती निघून जातात आणि हक्काची गोष्ट हातची जाते. म्हणून नेहमी लागणारी माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. कार्यकर्त्यांनी ती जपून ठेवावी आणि वस्तीत वाचून दाखवावी.

१. आपण बौद्ध, मग 'हिंदू' कायदा आपल्याला का लागू?

हा प्रश्न तरुण कार्यकर्ते सर्वात आधी विचारतात, आणि तो रास्त आहे. हिंदू विवाह कायदा १९५५, हिंदू वारसा कायदा १९५६ आणि हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ हे तिन्ही कायदे आपल्या कलम २ मध्येच सांगतात की ते बौद्ध, जैन व शीख धर्मीयांनाही लागू आहेत. यामुळे आपला धर्म हिंदू ठरत नाही. 'हिंदू' हा शब्द तेथे कायदा कोणाकोणाला लागू आहे एवढे सांगण्यापुरता आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग कायदा १९९२ खाली १९९३ साली केंद्र सरकारने बौद्धांना अल्पसंख्याक समाज म्हणून अधिसूचित केले, ते स्वतंत्र धर्म मानूनच.

बौद्धांसाठी वेगळा विवाह कायदा असावा ही मागणी आपल्या चळवळीत आहे आणि ती लावून धरण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पण तो कायदा होईपर्यंत आजच्या कायद्याने दिलेले हक्क सोडून देऊ नका. 'हा कायदा आमचा नाही' म्हणून नोंदणी टाळली, तर त्याचा फटका आपल्याच बहिणीला आणि मुलांना बसतो.

२. बौद्ध पद्धतीचा विवाह आणि त्याची नोंदणी

हिंदू विवाह कायद्याचे कलम ७ सांगते की वधू किंवा वर, कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधीने लग्न लावता येते. सप्तपदी फक्त ज्यांच्या विधीत ती आहे त्यांच्यासाठीच आवश्यक आहे. त्रिशरण, पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा आणि पुष्पहार अशा आपल्या पद्धतीने, बौद्धाचार्य किंवा भंतेजींच्या उपस्थितीत झालेला विवाह वैध आहे.

अटी लक्षात ठेवा. वर २१ वर्षांचा व वधू १८ वर्षांची पूर्ण हवी. दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात आणि विवाह कायम असता कामा नये. जवळच्या नात्यात लग्न करता येत नाही, मात्र मामाची मुलगी करण्यासारखी रूढी समाजात प्रस्थापित असेल तर कायदा तिला सूट देतो.

आता नोंदणी. विहाराने किंवा संस्थेने दिलेले विवाह प्रमाणपत्र म्हणजे सरकारी नोंदणी नव्हे. लग्न लागल्याचा पुरावा म्हणून ते जरूर जपावे, पण नोंदणी वेगळी करावी लागते. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह मंडळ विनियमन व विवाह नोंदणी कायद्यानुसार लग्नापासून ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या वॉर्ड कार्यालयात अर्ज द्यावा. पती, पत्नी आणि तीन साक्षीदार यांना हजर राहावे लागते. सोबत वयाचा व पत्त्याचा पुरावा, फोटो, लग्नपत्रिका आणि विधीचा फोटो ठेवावा. पत्रिका छापली नसेल तर प्रतिज्ञापत्र चालते. ९० दिवस उलटले असतील तरी विलंब शुल्क भरून नोंदणी होते. नोंदणी नाही म्हणून लग्न रद्द होत नाही, पण निवृत्तिवेतन, विमा, पासपोर्ट, पोटगी अशा प्रत्येक ठिकाणी लग्न झाल्याचे सिद्ध करत बसावे लागते.

याची उलट बाजूही आहे. विधी न करता, केवळ कागदावर सही करून हिंदू विवाह कायद्याखाली प्रमाणपत्र घेतले तर तो विवाह ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. म्हणून साधा का होईना, विधी करा आणि त्याचे फोटो ठेवा. विधी नकोच असेल तर पुढचा मार्ग आहे.

३. आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाह

मुलगा बौद्ध आणि मुलगी हिंदू, शीख किंवा जैन असेल, किंवा उलट असेल, तर दोघांनाही हिंदू विवाह कायदा लागू असल्याने बौद्ध पद्धतीने लग्न करून थेट नोंदणी करता येते. त्यासाठी कोणी धर्म बदलण्याची गरज नाही.

जोडीदार मुस्लिम, ख्रिश्चन किंवा पारशी असेल आणि दोघांनाही आपला धर्म कायम ठेवायचा असेल तर विशेष विवाह कायदा १९५४ वापरावा. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत आहे, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. नोटीस लागल्यावर ३० दिवस थांबावे लागते आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न करावे लागते. तीन महिने उलटले की नवी नोटीस. घरच्यांकडून धोका असेल तर जोडप्याने आधीच वकील गाठावा आणि पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्तांकडे संरक्षणाचा लेखी अर्ज द्यावा. सज्ञान व्यक्तीला जोडीदार निवडण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे.

४. जन्मनोंद आणि शाळेचा दाखला

बाळाच्या जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यायची असते. रुग्णालयात जन्म झाला तर रुग्णालय कळवते, पण नोंद झाली की नाही आणि आईवडिलांची नावे बरोबर आहेत की नाहीत हे आपण पाहावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीमुळे त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा प्रवेश, मतदार यादी, पासपोर्ट अशा कामांत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा आहे. त्यामुळे एका अक्षराची चूकही लगेच दुरुस्त करून घ्या. एक वर्षाहून अधिक उशीर झाला तर उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो.

शाळेत नाव घालताना धर्म व जात हे दोन वेगळे रकाने असतात. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहा. जातीच्या रकान्यात काय लिहावे यावर आपल्या समाजात मतभेद आहेत. जात मनातून गेली पाहिजे, तिची नोंद मुलाच्या दाखल्यावर कशाला, असे अनेकांना वाटते. ती भावना आम्ही समजतो. पण आरक्षण हे आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची भरपाई आहे आणि त्यासाठी मूळ जातीचा पुरावा लागतो. म्हणून आमचा सल्ला असा की धर्म बौद्ध आणि जात, वडिलांच्या जात प्रमाणपत्रावर जशी आहे तशी, दोन्ही नोंदी पहिल्या दिवसापासून सारख्या ठेवा. मोठ्या भावाचे 'बौद्ध', धाकट्याचे 'नवबौद्ध' आणि बहिणीचे 'महार' असे वेगवेगळे असले की पडताळणीत प्रश्न निघतात.

५. जात प्रमाणपत्र आणि पडताळणी

संविधान (अनुसूचित जाती) आदेश १९५० मध्ये सुरुवातीला फक्त हिंदूंचा समावेश होता. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध समाविष्ट झाले. त्यामुळे अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या नोकऱ्या व शिक्षणातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात. महाराष्ट्राच्या यादीत महार जातीचा अनुक्रमांक ३७ आहे. मात्र मूळ जन्म अनुसूचित जातीत नसेल तर बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे.

अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करावा. प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत देतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही महत्त्वाची तारीख आहे. त्या वेळी किंवा त्याआधी आपले घराणे येथे राहत होते आणि जात अमुक होती, हे दाखवणारा कागद लागतो. कोठे शोधाल?

• आजोबा, पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा
• कोतवाल बुकाची नक्कल, म्हणजे गाव नमुना १४ मधील जन्ममृत्यूची नोंद
• वतन जमिनीचे जुने उतारे व फेरफार
• सरकारी नोकरीत असलेल्या नातेवाइकाच्या सेवापुस्तकाचे पहिले पान
• वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणाचे जात वैधता प्रमाणपत्र

यातला शेवटचा कागद पडताळणीत मोठा आधार ठरतो. चुलते, आत्या, चुलत भाऊ यांच्यापैकी कोणाकडे वैधता असेल तर त्याची प्रत आणि नाते दाखवणारी वंशावळ जोडा. कोतवाल बुकातील जुन्या नोंदी मोडी लिपीत असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे.

जात प्रमाणपत्र हाती आले म्हणजे काम संपले असे नाही. प्रवेश, नोकरी किंवा राखीव जागेवरील निवडणूक यासाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. अकरावीत असतानाच अर्ज करावा. बारावीच्या निकालानंतर धावपळ केली की गर्दीत अर्ज अडकतो आणि मिळालेली जागा हातची जाते. समितीने त्रुटी काढली तर मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. दावा फेटाळला तर त्याविरुद्ध उच्च न्यायालयातच दाद मागता येते. केंद्राच्या भरतीसाठी केंद्राने ठरवलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र वेगळे मागून घ्यावे.

विवाहित महिलांनी लक्षात ठेवावे की जात जन्माने ठरते, लग्नाने बदलत नाही. लग्नानंतरही पुरावे माहेरचेच लागतात. नाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडावे. आंतरजातीय विवाहातील मुलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले की वडिलांची जात गृहीत धरली जात असली तरी तो अंतिम शब्द नाही. मूल अनुसूचित जातीच्या आईच्या समाजात वाढले आणि त्याने तेच भेदभावाचे चटके सोसले, हे सिद्ध केल्यास आईच्या जातीचा दावा करता येतो.

दुसऱ्या राज्यातून महाराष्ट्रात आलेल्या किंवा येथून सुरत, इंदूर, हैदराबादला गेलेल्या कुटुंबांना राज्याच्या सवलती मूळ राज्यातच मिळतात. केंद्राच्या सवलतींसाठी मूळ राज्याचे प्रमाणपत्र वापरावे.

६. नाव किंवा धर्म बदलाची राजपत्रात नोंद

महाराष्ट्र शासनाच्या मुद्रण विभागाकडे ऑनलाइन अर्ज करून नाव व धर्म बदलाची राजपत्रात प्रसिद्धी करता येते. अर्जाची पोच आणि राजपत्राची प्रत कायम जपावी. त्यानंतर आधार, पॅन, बँक आणि मतदार यादी यांत एकाच पद्धतीने बदल करून घ्यावा. काही राज्यांत धर्मांतराबाबत स्वतंत्र कायदे आहेत. गुजरातमध्ये एप्रिल २०२४ च्या शासकीय परिपत्रकानुसार बौद्ध धर्म हा वेगळा धर्म मानून धर्मांतरासाठी पूर्वपरवानगीची प्रक्रिया पाळावी लागते. दीक्षा समारंभ आयोजित करणाऱ्यांनी त्या त्या राज्याचा कायदा आधी वाचून घ्यावा.

७. वारसा, सातबारा आणि मृत्युपत्र

पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई यांना समान वाटा मिळतो. मुलगी विवाहित असली तरी हक्क तोच. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरवले आहे. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयामार्फत झालेल्या वाटण्या त्यामुळे उघडल्या जात नाहीत.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले. ज्या बाबींसाठी ते झगडले, त्यात मुलींचा वारसाहक्क होता. आणि आज आपल्याच घरांत बहिणीकडून रक्षाबंधनाला किंवा बाराव्याला हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण कागद वाचून न दाखवता घेतलेली सही ही फसवणूक आहे. असे घडत असेल तेथे कार्यकर्त्यांनी बहिणीच्या बाजूने उभे राहावे.

मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज द्यावा. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडावे. नाव गाळले गेले असेल तर फेरफार मंजूर होण्याआधी लेखी हरकत घ्या. मंजूर झाला असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करा. सातबारावर नाव नाही म्हणून वारसाहक्क संपत नाही, तो दिवाणी न्यायालयात मागता येतो.

महार वतनाच्या जमिनींबाबत विशेष सावध राहा. १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याखाली पुन्हा मिळालेल्या या जमिनी सर्वसाधारणपणे नवीन शर्तीच्या, भोगवटादार वर्ग २ च्या असतात. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. वारस नोंदीला मात्र अशा परवानगीची गरज नाही. शहरांलगतच्या अशा जमिनी 'साठेखत', 'कुलमुखत्यारपत्र' किंवा 'विसार पावती' करून किरकोळ रकमेत घेण्याचे प्रकार होतात. कोऱ्या कागदावर सही करू नका आणि जुने उतारे काढल्याशिवाय बोलणी करू नका.

मृत्युपत्र साध्या कागदावरही करता येते. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच आणि ज्यांना मिळकत द्यायची आहे त्यांना साक्षीदार करू नये. बँकेतील किंवा सोसायटीतील नॉमिनी हा सर्वसाधारणपणे रक्कम वा सदनिका स्वीकारणारा विश्वस्त असतो, त्यामुळे इतर वारसांचा हक्क बुडत नाही.

८. दत्तक

नात्यातील मूल दत्तक घ्यायचे असेल तर हिंदू दत्तक व निर्वाह कायदा लागू होतो. मूल १५ वर्षांखालील व अविवाहित हवे. पतीपत्नीची संमती लागते. मुलगा असताना दुसरा मुलगा किंवा मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा घेतला तर वयात २१ वर्षांचे अंतर हवे. पैशांची देवाणघेवाण गुन्हा आहे. दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. रुग्णालयातून किंवा ओळखीतून परस्पर मूल 'आणणे' बेकायदेशीर आहे. अनाथ मुलासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचाच मार्ग धरावा.

९. घरातील तंटा, पोटगी आणि घटस्फोट

स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर लिहिलेली फारकत किंवा पंचांनी दिलेली सोडचिठ्ठी यावर विसंबून दुसरे लग्न करू नका. रूढीने घटस्फोट होतो असे म्हणणाऱ्याला ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. पहिला विवाह कायम असताना केलेले दुसरे लग्न रद्दबातल असते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो गुन्हा आहे. अशा लग्नातील मुले मात्र कायद्याने औरस मानली जातात आणि त्यांना आईवडिलांच्या मिळकतीत हक्क मिळतो.

परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतर सहा महिन्यांचा काळ असतो, तो योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकते.

पोटगीसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. पत्नी, मुले आणि आईवडील अर्ज करू शकतात. पत्नी आता जेथे राहते तेथील न्यायालयातही अर्ज करता येतो. घटस्फोट घ्यावाच लागतो असे नाही. दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. त्यामुळे 'समजुतीने मिटेल' म्हणून वर्षे घालवू नका. आधी अर्ज दाखल करा, समेट नंतरही होतो.

मारहाण, घराबाहेर काढणे, पगार हिसकावणे, सतत अपमान यांसाठी कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. घर सासऱ्यांच्या नावावर असले तरी त्या घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो. तातडीच्या वेळी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

वृद्ध आईवडिलांसाठी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे निर्वाहाचा अर्ज करता येतो. मुलाला घर बक्षीस देताना 'सांभाळ करीन' ही अट दस्तात लिहून घ्या. अट मोडली तर तो दस्त रद्द करून मागता येतो.

१०. वकिलाची फी परवडत नसेल तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्तींना, तसेच सर्व महिला व मुलांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातील विधी सेवा समिती किंवा जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. मदत क्रमांक १५१०० आहे. न्यायालयात जाण्याआधी एवढी माहितीही आपल्या वस्तीत पुष्कळांना नसते.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

प्रत्येक विहारात एक नोंदवही ठेवा आणि तेथे झालेल्या लग्नांची ९० दिवसांत नोंदणी झाली का ते विचारा. अकरावीतील मुलामुलींची यादी करून त्यांच्या पडताळणीचे अर्ज दिवाळीपूर्वी भरून घ्या. महिन्यातून एकदा वकील बंधुभगिनींना बोलावून दोन तास प्रश्नोत्तरे ठेवा. प्रत्येक घरात जन्मदाखले, शाळेचे दाखले, जात व वैधता प्रमाणपत्र, विवाह प्रमाणपत्र आणि जमिनीचे उतारे एका फाईलमध्ये असावेत, आणि त्यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी. दर अर्जाची पोच घ्या.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्येक प्रकरणाची कागदपत्रे वेगळी असतात, म्हणून पाऊल उचलण्याआधी वकिलांना किंवा विधी सेवा समितीला कागद दाखवावेत. शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा या संदेशातले शिकणे घरातल्या कागदपत्रांनाही लागू आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!